फ्री

इतर कुठल्याही दुकानात 'फ्री' हा शब्द ऐकला की मध्यमवर्गीय माणसाचे कान टवकारतात. साबणावर वाटी फ्री, चहाच्या पुड्यावर बरणी फ्री, दोन सदऱ्यांवर तिसरा फ्री. (तो तिसरा सदरा घरात कुणालाच बसत नाही, ही गोष्ट वेगळी.) फक्त सायकलच्या दुकानात हा शब्द अशुभ आहे. सायकलवाला मागचं चाक उचलतो, पेडल उलटं फिरवतो, छातीला नळी लावलेल्या डॉक्टरसारखा क्षणभर स्तब्ध होतो आणि म्हणतो, "साहेब, फ्री गेली." मग आपण निमूटपणे खिशात हात घालायचा.

ज्यांनी सायकलचा संबंध फक्त तिच्यावरून पडण्यापुरताच ठेवला आहे त्यांच्यासाठी सांगतो. फ्री म्हणजे मागच्या चाकाच्या मधोमध बसवलेलं दात्यांचं चक्र. तिच्या पोटात दोन चिमुकले खटके असतात. आमचा सायकलवाला त्यांना 'कुत्ते' म्हणतो. पेडल पुढे मारलं की हे कुत्रे आतल्या खाचांत तोंड खुपसतात आणि चाक ओढायला लागतात. पाय थांबवले की खाचांवरून घसरत नुसते भुंकत राहतात, कट-कट-कट-कट, आणि चाक आपलं आपण पळत राहतं. उतारावर पाय स्थिर ठेवून, सदऱ्यात वारा भरून घेत जाण्याचं जे सुख आहे, ते सगळं या दोन कुत्र्यांच्या जिवावर.

हा आवाज माझ्या कानांत लहानपणापासून आहे. साताऱ्याला आमची गल्ली उताराची. संध्याकाळी वडील कचेरीतून यायचे ते गल्लीच्या तोंडाशीच पाय थांबवायचे. तिथून घरापर्यंत नुसतं कट-कट-कट. तो आवाज आला की आम्ही भावंडं पत्ते गादीखाली सारून पाढ्यांची पुस्तकं उघडायचो आणि स्वयंपाकघरात आई स्टोव्हला पंप मारायची. वडील ओसरीवर टेकेपर्यंत चहाचा कप बाहेर. वडील आम्हांला सांगायचे, "माणसानं कसं वेळेवर असावं, तुमच्या आईसारखं." आम्हांला वाटायचं, आई घड्याळ बघते. आमच्या घरात तेव्हा घड्याळ एकच होतं आणि ते वडिलांच्या मनगटावर असायचं, हे फार उशिरा ध्यानात आलं.

पुढे नोकरी लागली, लग्न झालं आणि १९८६ साली आम्ही दहिसरला बिऱ्हाड केलं. दहिसर म्हणजे पश्चिम रेल्वेवर मुंबई जिथे संपते ती जागा. १९५७ साली मुंबईची हद्द वाढवत वाढवत इथपर्यंत आणली आणि मग, माझा अंदाज, आणणारे दमले. त्यापलीकडे नाका. मुंबईकर आम्हांला मुंबईबाहेरचे समजायचे आणि मीरा रोडचे लोक आम्हांला मुंबईकर समजायचे. दोघांनाही आम्ही दुरुस्त करत नसू. स्टेशनपर्यंत मी सायकलने जायचो. काळी, चोवीस इंची, दांडीची, सळईच्या ब्रेकची. संध्याकाळी सोसायटीच्या गेटातून आत वळलो की पाय थांबवायचे. गेटापासून जिन्यापर्यंत कट-कट-कट. पहिल्या मजल्यावर घर. सायकलला कुलूप, पायपुसणं, बेल, आणि चहा. साताऱ्याची पद्धत दहिसरला जशीच्या तशी आली होती. ती कुणी आणली, हा प्रश्न मला अठ्ठावीस वर्षं नोकरीत आणि नंतर दहा वर्षं पेन्शनीत एकदाही पडला नाही.

पेन्शन बसल्यावर सायकल हा माझा सकाळचा छंद झाला. छंद म्हणजे व्यायाम नव्हे, एवढं मी डॉक्टरांनाही बजावून ठेवलं आहे. पहाटे पाचला निघायचं, काशिमिऱ्याहून डावीकडे वळून भाईंदर गाठायचं, रेल्वेवरचा पूल ओलांडून पश्चिमेला उतरायचं, की पुढे राई, मुर्धे, मोर्वा ही गावं. उंच इमारती मागे पडतात आणि एकदम मिठागरं लागतात. डोंगरीच्या पुढे रस्ता जरा चढतो, मग उत्तन. बांबूच्या मांडवांवर दोऱ्यांना अडकवलेले बोंबील वाळत असतात आणि कोळीवाड्यातली निम्मी मांजरं त्यांच्याखाली बसून तपश्चर्या करत असतात. तिथे एक चहा. मग गोराई, आणि होडीत सायकल चढवून खाडीपार बोरिवली. ज्या खाडीला आमची दहिसर नदी जाऊन मिळते तीच ही खाडी. नदी तुळशी तलावाच्या बाजूने, राष्ट्रीय उद्यानातून येते तेव्हा नदी असते. आमच्या वस्तीतून गेल्यावर ती काय होते ते सांगवत नाही. असो. सगळा फेरा तीसेक किलोमीटरचा. घाईने करायचा नाही. वाटेत मला पोरं मागे टाकतात, दूधवाले टाकतात, एकदा एका पाववाल्याने दोन्ही हात सोडून टाकलं. मी कुणालाही मागे टाकत नाही. हे माझं तत्त्व आहे आणि गुडघ्यांचाही त्याला पाठिंबा आहे.

अशा शांत आयुष्यात भाचा आला. हा हॉलंडात असतो. माझी सायकल बघून म्हणाला, "मामा, हिची फ्री काढून टाका. तिकडे आता फिक्स सायकलची क्रेझ आहे."

मला वाटलं, फिक्स म्हणजे पक्की. निघालं भलतंच. फिक्स सायकलला फ्री नसते. मागचं चक्र चाकाला घट्ट जखडलेलं. चाक फिरतंय तोवर पेडल फिरणार. पेडल फिरतंय तोवर पाय फिरणार. उतार असो, सपाटी असो, तुम्ही दमलेले असा, कुणाला नमस्कार करत असा. पायांना सुट्टी नाही. थांबायचं तर पायांनीच चाकाला विरोध करायचा.

"आणि याचे पैसे जास्त पडतात?" मी विचारलं.

"खूपच जास्त."

सुखसोय काढून घेऊन वर पैसे आकारायचे, ही कल्पना मला आमच्या ओळखीच्या बऱ्याच संस्थांची आठवण करून देऊन गेली. पण भाच्याने पुढे जे सांगितलं त्याने मी गुंतलो. सुरुवातीच्या सगळ्या सायकली अशाच होत्या म्हणे. फ्रीचा प्रसार झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी शेवटी. त्याआधीच्या सायकलींना पुढच्या चिमट्यावर दोन खुंट्या असत. उतार लागला की माणूस पेडलांवरचे पाय काढून त्या खुंट्यांवर ठेवी आणि पेडलं खाली मोकाट गरगरत राहत. म्हणजे विश्रांतीची ओढ फ्रीच्या आधीची आहे. माणसाने आधी पाय वर घेतले आणि मग त्यासाठी यंत्र शोधलं. लहान मुलांच्या तीनचाकीला आणि सर्कशीतल्या एकचाकीला मात्र आजही फ्री नसते. मुलांना आणि विदूषकांना विश्रांती लागत नाही, असं दिसतं.

माणसाच्या निवृत्तीनंतर त्याच्या हातात पकड आणि पान्हा येणं ही घरच्यांच्या दृष्टीने काळजीची बाब असते. मी गॅलरीत जुन्या पुरवण्या अंथरल्या, सायकल उलटी केली आणि आठ दिवस तिच्यासमोर मांडी घालून बसलो. चेन रॉकेलच्या डब्यात. छर्रे एका बशीत. ही बशी पाहुण्यांच्या सेटमधली होती, हे छर्रे टाकल्यावर कळलं. आपण मोकळं केलेलं यंत्र समोर पसरलं की एक निराळाच शांतपणा येतो. कचेरीत तेहतीस-तेहतीस वर्षं कागद हलवून काय हललं ते कधी दिसलं नाही. इथे एक नट अर्धा आटा पिळला की चाकाचं डुगडुगणं थांबतं. फिक्स सायकलची चेन सैल चालत नाही, म्हणून मागचं चाक मागे ओढून ती ताणायची. पुढचं चक्र पूर्ण गोल कधीच नसतं, त्यामुळे चेन एका जागी ताठ होते आणि अर्ध्या फेऱ्यानंतर लोंबते. या दोन्हींच्या मधली जागा शोधण्यात माझी एक अख्खी दुपार गेली, आणि ती दुपार वाया गेली असं मला अजूनही वाटत नाही.

फ्री पक्की करण्याचं काम मात्र सायकलवाल्याकडे न्यावं लागलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग फ्रीकडे पाहिलं. "साहेब, चांगली चालतेय ना? मग तिला मारून का टाकताय?" पण शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडून त्याने दोन टाके मारून आणले. कुत्रे कायमचे गप्प झाले.

पहिल्याच दिवशी कळलं की मी सायकलवर बसायला विसरलो आहे. आमच्या पिढीची रीत म्हणजे डावा पाय पेडलवर, उजव्याने दोन ढांगा, आणि मग टांग मारून सीटवर. फिक्स सायकलला हे मान्य नाही. ढांग मारली की डावं पेडल वर येतं आणि आपल्याला उचलून फेकतं. सोसायटीच्या वॉचमनने मला दोनदा उचललं आणि तिसऱ्यांदा खुर्ची आणून दिली. खुर्चीवरून सायकलवर चढणारा मी दहिसरातला पहिला स्वार असेन.

पण एकदा बसलो आणि गंमत वाटू लागली. माझ्या सायकलीला पुढे ४४ दाते आणि मागे १८. पेडलचा एक फेरा म्हणजे चाकाचे जवळजवळ अडीच, म्हणजे सव्वापाच-साडेपाच मीटर. एका किलोमीटरला एकशेपंच्याऐंशी फेरे. दहिसर ते उत्तन तीन हजारांच्या वर. पूर्वी यातले किती मी मारत होतो आणि किती चाक आपलं आपण जात होतं, याचा हिशेबच नव्हता. आता प्रत्येक फेरा माझ्या पायांच्या वहीत नोंदला जात होता. रस्ता किती उताराचा आहे हे मला दहा वर्षांत पहिल्यांदा कळलं. फ्रीवाल्याला उतार म्हणजे रस्ता संपल्यासारखाच वाटतो.

सायकलची शर्यत म्हटलं की जिचं नाव पहिलं निघतं, ती फ्रान्सची शर्यत १९०३ साली सुरू करणारा आँरी देग्रांज हा गृहस्थ कट्टर फिक्सवाला. १८९३ साली त्याने स्वतः तासाभरात ३५ किलोमीटर ३२५ मीटर सायकल मारून दाखवली होती. गिअर वगैरे चैन पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी, असं त्याचं मत. त्याच्या शर्यतीत गिअर बदलण्याची सोय यायला १९३७ साल उजाडलं. मी त्याच्या हिशेबाने वीस-बावीस वर्षांपूर्वीच गिअरला पात्र झालेलो. त्यामुळे फिक्स मारताना आपण त्याला खोटं पाडतो आहोत असा एक अभिमानही पायांत येत होता.

तो अभिमान डोंगरीच्या पलीकडच्या उतारावर उतरला. फ्री ही चाकाच्या मधल्या भागावर आट्यांनी पिळून बसवलेली असते. पुढे पेडल माराल तितकी ती आवळत जाते. आणि मागे जोर द्याल, तर? हा विचार मी, सायकलवाला आणि वेल्डिंगवाला, तिघांनीही केला नव्हता. खऱ्या फिक्स सायकलला त्यावर उलट्या आट्यांची एक चकती असते, ती चक्राला सुटू देत नाही. माझ्या सायकलीला ती कुठून असणार? उतारावर वेग आवरायला मी पाय मागे रेटले आणि ते गेले ते गेलेच. चक्र सुटून बाहेर सरकलं, चेन उतरली. सळईचे ब्रेक मी काढले नव्हते म्हणून हा लेख लिहितो आहे. रस्त्याच्या कडेला मी हातात ते दात्यांचं चक्र घेऊन उभा होतो, तेव्हा डोक्यावर पाटी घेतलेल्या एक मावशी थबकल्या आणि म्हणाल्या, "काय काका, सायकलचा दात पडला?"

हाताने पिळून, चेन चढवून, बेताबेताने गोराईची होडी गाठली आणि घरी आलो. गेटातून जिन्यापर्यंत चक्क नि:शब्द. कुलूप, पायपुसणं, बेल.

दार उघडायला वेळ लागला. उघडलं तेव्हा सौ. दारात उभी, हातात वाचनालयाची कादंबरी, पानात बोट.

"अगंबाई, आलात पण?"

"चहा?" मी म्हटलं. उतारावरून पडता पडता वाचलेल्या माणसाचा पहिला शब्द काय असावा, याचा तेव्हा विचार केला नाही.

"ठेवते. आवाज नाही आला तुमचा."

"कसला आवाज?"

"सायकलचा. गेटातून आत शिरलात की कट-कट वाजतं ना? मग मी गॅस पेटवते. तुमचं कुलूप, पाय पुसणं होईपर्यंत उकळी येते."

"किती दिवस चाललंय हे?"

"दिवस काय? इथं आलो तेव्हापासून."

ती आत गेली आणि जाताना तिने पुस्तक टीपॉयवर पालथं घातलं. वाचनालयाची पुस्तकं अशी पालथी घालू नयेत, शिवण सुटते, पुस्तक ही काय डाळीची परात आहे का, असं मी तिला या घरात किती वेळा सुनावलं असेल त्याला गणती नाही. एकदा तर वाचनालयाने दंड केला तेव्हा मी तो तिच्या घरखर्चाच्या पैशांतून भरायला लावला होता. मी पालथ्या पुस्तकाकडे बघत बसलो. कारकुनाची सवय वाईट. नोकरीची वर्षं अठ्ठावीस, वर्षाला दिवस तीनशे. आठ हजार चारशे संध्याकाळी. इतक्या वेळा एक माणूस गेटापाशी पाय थांबवत होता आणि इतक्या वेळा एक पुस्तक पालथं पडत होतं. आणि पेन्शनीतल्या सकाळी मी यात धरल्याच नव्हत्या.

त्या रात्री मला, निवृत्त माणसांना येतो तसा, नैतिक प्रश्न पडला. उतारावर पाय थांबवणं हा गुन्हा आहे का?

आमच्या तिसऱ्या मजल्यावर संस्कृतचे निवृत्त शिक्षक राहतात. त्यांच्यापुढे प्रश्न टाकला, अर्थात चहाचा भाग वगळून. ते म्हणाले, "अहो, याचं उत्तर सांख्यांनी केव्हाच दिलंय. वेदान्तीही तेच सांगतात. कुंभार काठीने चाक फिरवतो, मग काठी काढून घेतो. तरी चाक मिळालेल्या गतीने फिरत राहतं की नाही? तसं ज्ञान झालेल्या माणसाचं कर्म संपलं तरी शरीर पूर्वीच्या वेगाने चालत राहतं. तुमची पेन्शन म्हणजे दुसरं काय? काठी उचलली, चाक फिरतंय. जीवन्मुक्त आहात, मजा करा."

दृष्टान्त बिनतोड होता. उतार हा फुकट मिळत नाही, आधी चढ चढलेला असतो, हेही त्यांनी ऐकवलं. तो चढ मी चढलो, यात खोटं काही नाही. पाच-पन्नासची लोकल तेहतीस वर्षं पकडली आहे. २००५च्या जुलैत गुडघाभर पाण्यातून सायकल खांद्यावर मारून आणली आहे. पण जिना उतरताना मला वाटलं, त्या कुंभाराच्या चाकाचा आवाज ऐकून आत कुणी आधण ठेवत होतं का, हे सांख्यांनी लिहून ठेवलेलं नाही. कुंभाराने काठी उचलल्यावर मडकी भाजायला कोण बसत होतं, तेही नाही. माझी फ्री वाजायला लागली की घरात कुणाचं तरी पेडल सुरू होत होतं. चेन दिसत नव्हती, एवढंच. साताऱ्याच्या गल्लीतही ती होतीच. आई घड्याळ बघत नव्हती, कान देऊन बसलेली असायची. आणि आम्ही पत्ते लपवण्यात मग्न.

यावर तुम्ही म्हणाल, एवढं वाटतं तर स्वतः चहा करा. केला. दुसऱ्याच दिवशी केला. तिने तो प्यायला आणि "छान झालाय" म्हणाली. पाहुण्यांच्या मुलाने गाणं म्हटल्यावर जे 'छान' म्हणतात त्यातलं ते 'छान' होतं. अर्ध्या तासाने आतून आल्याचा वास आला. ती स्वतःपुरता करून घेत होती.

शिवाय दुखणं चहाचं नव्हतंच. मला खटकत होतं ते हे, की मला माहीत नव्हतं असंही म्हणता येईना. चहा रोज तयार असतो तो आपोआप होत नाही, हे कुणाला कळत नाही? मला कळत होतं आणि मी पाय थांबवून बसलो होतो. न कळून बसणारा निदान निर्दोष तरी असतो.

म्हणून मी ठरवलं, सायकल फिक्सच ठेवायची. सायकलवाल्याने चक्र ठोकून घट्ट करून दिलं. उतारावर पाय मागे न रेटता ब्रेकच दाबायचे, असं मी स्वतःला बजावलं. पंधरा दिवस मी मांजरासारखा घरी येत होतो. बेल वाजायची, मग दार, मग निवांत पंधरा मिनिटांनी चहा. सौ.ने जाडजूड कादंबरी संपवली आणि दुसरी आणली. मला आपण काहीतरी उदात्त करतो आहोत असं वाटू लागलं. माणसाला असं वाटू लागलं की समजावं, कुणाचीतरी पंचाईत झालेली आहे.

सोळाव्या दिवशी वॉचमन म्हणाला, "साहेब, मॅडम रोज नऊपासून गॅलरीत उभ्या असतात. तुम्ही गेटात आलात की आत जातात."

मी वर गेलो. पुस्तक टीपॉयवर होतं. पालथं नव्हतं, मिटलेलं होतं.

"तू गॅलरीत उभी असतेस?"

"मग काय करू? आवाज येत नाही. त्या दिवशी दात पडला सांगितलंत हसत हसत. आता तुम्ही आलात का आडवे झालात कुठे, मला कळायचं कसं? ती फ्री बसवून घ्या बरं परत."

"अगं, पण मग तुझं वाचन..."

"वाचनाचं काय?"

मी सगळं सांगितलं. आठ हजार चारशे, पालथी पुस्तकं, दंड, साताऱ्याची आई, कुंभार. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. कुंभाराशी जराशी हसली.

"तेव्हा विचारलं असतंत, तर मी नकोच म्हटलं असतं," ती म्हणाली. "चहा काय, ठेवायचाच असतो. पण तुम्ही विचारायला हवं होतं." आणि थोडं थांबून, "दंड मात्र तुम्ही भरायला हवा होता."

दंड किती होता ते दोघांनाही आठवेना. मी पन्नास रुपये काढून दिले. तिने ते घेतले. नको वगैरे म्हणाली नाही, हे इथे नमूद करतो.

फ्री बसवली. सायकलवाला मनापासून खूश झाला, जुनं चक्र त्याने भंगारात टाकलं आणि नव्या फ्रीत तेलाचे चार थेंब सोडले. कट-कट-कट. डोंगरीच्या उतारावर मी आता पाय थांबवतो. तिथे ऐकायला फक्त मिठागरावरचे बगळे असतात, आणि ते कुणासाठी उठत नाहीत. मात्र काशिमिऱ्याला पोचलो की मोबाईलवरून फोन करायचा, 'आलो, धडधाकट आहे', असं आमचं ठरलं आहे. आणि सोसायटीच्या गेटातून जिन्यापर्यंत पाय थांबवायचे नाहीत, असं मी एकट्याने ठरवलं आहे. तेवढे चाळीस-पन्नास फूट मी पेडल मारत येतो, कुत्र्यांना तोंड उघडू देत नाही, ब्रेक दाबून सायकल उभी करतो, आवाज न करता कुलूप घालतो, चपला हातात घेऊन जिना चढतो.

परवा बेलच्या बटणाला बोट लावणार, तेवढ्यात दार उघडलं. आतून आल्याचा वास.

"आवाज आला?" मी विचारलं.

"चेनला तेल घाला आधी," ती म्हणाली. "गेटापासून कुरकुरतेय."